सोलापुरातलं घर: पोर्च, ओटा, अंगण आणि गच्चीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा नकाशा हातात आला की माणसं स्वयंपाकघर, देवघर, बेडरूम यांवर महिनाभर बोलतात. समोरची बाजू मात्र मोबाइलमधला एक फोटो पुढं करून पाच मिनिटांत ठरते. "मॅडम, अस्संच पाहिजे." फोटोतलं घर बहुतेक वेळा भरपूर पावसाच्या, हिरव्या मुलखातलं असतं. आपल्याकडं वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, खाली फुगणारी-आक्रसणारी काळी माती आणि एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जाणारा पारा. मी सोलापुरात घरांची कामं करते. साइटवर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत.

पोर्च, ओटा, ओसरी, ढेळज, पॅटिओ यात नेमका फरक काय?

पोर्च म्हणजे मुख्य दाराबाहेरची वरून झाकलेली जागा. गाडी, चपला, येणारा-जाणारा सगळ्यांची. ओटा म्हणजे जोत्याच्या उंचीचा बसायचा चौथरा, वर छप्पर असो वा नसो. ओसरी किंवा सोपा घराच्या अंगाचाच भाग, एका बाजूनं उघडा. पॅटिओ हा अलीकडं आलेला शब्द. फरशी घातलेलं, बसण्या-जेवण्यासाठीचं उघडं अंगण म्हटलं की झालं.

ढेळजेबद्दल जरा जास्त सांगते, कारण नव्या घरांतून ती पार गेली आहे. आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घरात मोठ्या दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना कमरेपेक्षा थोडे खाली असे दोन कट्टे होते, मध्ये बैलगाडीतलं ओझं घेऊन जाता येईल एवढी वाट, वर लाकडी तुळया आणि मातीचं धाबं. मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस आधी त्या कट्ट्यावर टेकायचा. आज्जी तांब्याभर पाणी द्यायची, तो घाम पुसायचा, मग आत यायचा. डोळ्यांनाही तेवढा वेळ लागतो, बाहेरच्या झळाळीतून आतल्या अंधारात यायला. आज आपण लोखंडी गेटातून थेट हॉलच्या सोफ्यावर जातो. नवा पोर्च आखताना मी त्या दोन कट्ट्यांपैकी निदान एक तरी परत आणायचा प्रयत्न करते.

समोरच्या बाजूचा विचार सुरू कुठून करायचा?

उन्हापासून. प्लॉटवर एक दिवस तीनदा जाऊन उभं राहा: सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेचारला. तिन्ही वेळा सावली कुठं पडते ते खडूनं आखा, फोटो काढून ठेवा. शेजारच्या दुमजली घराची सावली तुमच्या अंगणात येते का, समोरचा कडुनिंब किती झाकतो, हे कुठल्याच नकाशात नसतं.

आता थोडा हिशेब. सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशीच राहते. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जाही पुरून उरतो. खरा त्रास दुपारनंतर सुरू होतो. १ मेच्या सुमारास साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. त्या वेळी पश्चिमेच्या भिंतीवर तीन फुटांच्या छज्जाची सावली जेमतेम पावणेदोन फूट खाली येते. साडेपाचला फूटभरसुद्धा नाही. उरलेली सगळी भिंत तापते आणि रात्री अकरापर्यंत ती धग आत सोडत राहते. पंखा लावून गरम वारा अंगावर घ्यायचा, हा अनुभव इथल्या कुणालाही नवा नाही.

आमचं घर पश्चिममुखी आहे. आता काय करावं?

पश्चिमेला आडवं छप्पर कितीही वाढवलं तरी उतरतं ऊन त्याच्याखालून आत येतंच. तिथं उभा आडोसा हवा. पोर्चच्या पश्चिम कडेला सिमेंटची किंवा भाजक्या मातीची जाळी, नाहीतर उभ्या पट्ट्या, नाहीतर वेल चढवलेली तारेची चौकट. जाळी भिंतीपासून निदान तीन-चार फूट पुढं असावी. चिकटून लावली तर जाळीची धग भिंतीलाच मिळते.

स्वस्तातला उपाय बांबूची चीक किंवा शेडनेट. आपल्या भागात द्राक्षं-डाळिंबांमुळं शेतीच्या दुकानात शेडनेट सहज मिळते. ५०, ७५, ९० टक्के असे आकडे म्हणजे किती ऊन अडतं त्याचं माप. बसायच्या जागेला ७५ पुरे. ९० टक्क्यांच्या जाळीत वाराही कोंडतो. हिरव्या जाळीखाली माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसतात, म्हणून मिळाली तर मातकट किंवा पांढरी घ्या. आणि आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळं वाळ्याचा पडदा इथं मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. पाणी शिंपडलं की ते भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. कूलर चालतो तोही याच कारणानं. पोर्चमध्ये एक खिडकी अशी ठेवा की तिच्याबाहेर सावलीत कूलर बसेल.

पूर्व, उत्तर, दक्षिण यांचं काय?

पूर्वेचा ओटा भर दुपारनंतर सावलीत येतो, संध्याकाळी बसायला सगळ्यात सुखाचा. उत्तरेकडं वर्षभर सावली असते असं लोक धरून चालतात, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ऊन उत्तरेच्या भिंतीलाही लागतं, तेव्हा तिथंही दीड-दोन फुटांचा छज्जा हवाच. दक्षिणेला घाबरू नका. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य इथं ४९ अंशांवर असतो, म्हणजे थंडीतलं कोवळं ऊन छज्ज्याखालून ओट्यावर येतं आणि उन्हाळ्यात तोच छज्जा ऊन अडवतो. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी दक्षिणेच्या ओट्यासारखी जागा नाही. वास्तूवर तुमची श्रद्धा असेल तर दार हवं त्या दिशेला ठेवा, बसायचा ओटा दुसऱ्या बाजूला घेता येतो.

पोर्चवर स्लॅब घालावा, पत्रा टाकावा की पॉलिकार्बोनेट?

पॉलिकार्बोनेटबद्दल आधी सांगते, कारण ती चूक मी स्वतःच्या घरी केली. मागच्या दारी धुणं-भांड्याच्या जागेवर आम्ही निळसर पारदर्शक शीट टाकली. पावसापासून आडोसा, उजेडही भरपूर, असा विचार. पहिल्याच मार्चमध्ये तिथं उभं राहणं अशक्य झालं. शीट ऊन आत येऊ देते आणि तापलेली हवा वर कोंडून ठेवते. सासूबाईंनी दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात कडक वाळायचा, पण भांडी घासायला बाई सकाळी सातच्या आत यायची. शेवटी दोन वर्षांनी शीटच्या खाली शेडनेट ताणली आणि भिंतीकडची फूटभर पट्टी उघडी केली, तेव्हा कुठं धग बाहेर जायला लागली. जिथं माणसानं बसायचं आहे तिथं पारदर्शक छप्पर नको.

पत्रा स्वस्त आणि झटपट. पण नुसता पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि पावसात फोनवर बोलता येत नाही. घालायचाच असेल तर पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचा, उंची दहा फुटांच्या आसपास, दोन बाजू मोकळ्या आणि खाली चटईचं किंवा फळ्यांचं अस्तर. वळिवाच्या वाऱ्यात आपल्याकडं पत्रे उडतात. फॅब्रिकेटरला खांबांखालची प्लेट काँक्रीटमध्ये किती खोल बोल्ट केली ते विचारा आणि डोळ्यांनी बघा. फरशीवर चार स्क्रू मारून उभा केलेला खांब मी काढायला लावते.

लोखंडी चौकटीवर मंगलोरी कौलं हा मला आवडणारा मध्यम मार्ग. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. वानरांचा त्रास असलेल्या वस्तीत मात्र नको.

स्लॅब महाग, पण वर गच्चीची जागा मिळते आणि पुढं मजला चढवायची सोय राहते. स्लॅबला वरून पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर द्या, किंवा निदान दरवर्षी फेब्रुवारीत चुना मारा. आणि पन्हळ विसरू नका. १० बाय १८ फुटांच्या पोर्चवर सातशे मिलिमीटर पावसात वर्षाला साडेअकरा हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते पाइपानं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात किंवा झाडांना न्या, पायरीवर पागोळ्या पडू देऊ नका.

ओटा आणि घराची भिंत यांच्यात बोटभर फट पडली आहे. घर धोक्यात आहे का?

हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर येतो. बहुतेक वेळा घराला काही झालेलं नसतं. घराचा पाया खोल, मुरमावर किंवा दगडावर टेकलेला असतो. ओटा मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, वरच्या काळ्या मातीवर भराव टाकून बांधलेला असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, ओटा वर उचलते. उन्हाळ्यात ती आक्रसते, शेतात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, ओटा खाली बसतो. घर जागेवर, ओटा हलता, म्हणून मध्ये फट. गवंडी त्यात सिमेंट भरतो, पुढच्या मोसमात ती परत उघडते.

नवं काम असेल तर काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाका. खूपच खोल असेल तर निदान अडीच-तीन फूट काढा आणि मुरमाचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून, धुमसून भरा. एका दिवसात ट्रॅक्टर रिकामा करून वरून कोबा ओतला, की पुढचे तीन पावसाळे तो भराव बसतच राहतो. माप सांगते: १० बाय १८ च्या पोर्चला दोन फूट भराव म्हणजे ३६० घनफूट, ३.६ ब्रास. धुमसल्यावर मुरूम बसतो, त्यामुळं साडेचार ब्रास तरी मागवावा लागतो. ठेकेदारानं तीन ब्रासमध्ये काम उरकलं असेल तर पाणी मारणं-धुमसणं झालेलं नाही हे समजून जा.

घर आणि ओटा यांच्यात मुद्दाम अर्ध्या इंचाचा सांधा ठेवा आणि तो लवचिक सीलंटनं भरा. दोघं आपापले हलतील, भेग दिसणार नाही. घराभोवती अडीच-तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. पोर्चचे खांब जड स्लॅब पेलणार असतील आणि काळी माती फारच खोल असेल, तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवेल. खाली फुगवटा असलेले हे ओतीव खांब; ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केली. ऐकून खर्चिक वाटतं, पण तडे गेलेला पोर्च पाडून पुन्हा बांधण्यापेक्षा परवडतं.

भिंतीतच तिरकी, पायरीपायरीनं वर जाणारी भेग दिसली, किंवा दार अडकायला लागलं, तर मात्र वाट न बघता इंजिनिअरला दाखवा.

पाण्याचा हौद पोर्चखाली घ्यावा का?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं जमिनीतला हौद ही प्रत्येक घराची गरज. नळाची लाइन समोरून येते म्हणून पोर्चखालची जागा सोयीची. फक्त तीन गोष्टी पक्क्या करा. हौदाच्या स्लॅबवर गाडी उभी राहणार हे इंजिनिअरला आधी सांगा. नुसत्या माणसांच्या वजनाचा स्लॅब गाडीला पुरत नाही. झाकण चाकाच्या वाटेवर नको, आणि त्याची चौकट फरशीपेक्षा दोन-तीन इंच वर हवी, नाहीतर सडा टाकलेलं, गाडी धुतलेलं पाणी थेट प्यायच्या पाण्यात. मी एका घरी झाकण उचललं तर हौदाच्या पाण्यावर रांगोळीची पांढरी साय तरंगत होती. आणि ड्रेनेजचा चेंबर हौदापासून शक्य तेवढा लांब, निदान दहा फूट ठेवा.

फरशी कोणती घ्यावी?

बाहेरच्या जागेसाठी माझं पहिलं मत शहाबादीला. शहाबाद आपल्यापासून रेल्वेनं दीडशे किलोमीटरच्या आत, सोलापूर-वाडी मार्गावरच. आपल्या आज्यांच्या अंगणात, दुकानांच्या पायरीत, न्हाणीत हाच दगड आहे. रफ शहाबादी ओली झाली तरी पाय सहसा घसरत नाही, दोन बाय दोनची एक फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते, आणि त्या करड्या रंगावर रांगोळी जशी उठून दिसते तशी चकचकीत टाइलवर कधीच दिसत नाही. टाइलवर रांगोळी धरतही नाही, वाऱ्याच्या झुळुकीला सरकते. संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर ज्यांची घरं आहेत, त्यांना हे मी सांगायची गरज नाही.

शहाबादीचं एकच पथ्य: ॲसिड. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड पडलं की फसफसतो आणि पृष्ठभाग खरबरीत होऊन पांढरे डाग कायमचे बसतात. माझ्या भावाच्या घरी गवंड्यानं जाताना सिमेंटचे शिंतोडे काढायला ॲसिड ओतलं. पाहुणे यायचे होते, त्याला वाटलं चकाचक करून देऊ. आज आठ वर्षांनीही दाराजवळ त्या धारेचा माग दिसतो. सिमेंटचे डाग ओले असतानाच ओल्या फडक्यानं पुसायचे, वाळले तर पत्रीनं खरवडायचे. लिंबू, चिंच, संडासचं क्लीनर हेही दगडापासून लांब ठेवा.

कोटा हाही चुनखडीच, अधिक गुळगुळीत मिळतो. बाहेर पॉलिश न केलेला घ्या. काळा कडाप्पा आणि काळा ग्रॅनाइट उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही, शिवाय बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर आरशासारखे दिसतात. टाइलच हवी असेल तर मॅट, खरबरीत, दुकानदाराला आर-११ (पाय न घसरण्याचं माप) विचारा. दुकानात फरशीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि चप्पल काढून पाय घासून बघा.

कुठलीही फरशी असो, उतार आधी तपासा. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. गवंड्यानं पाणसळ दाखवली तरी बादलीभर पाणी ओतून बघा. भिंतीशी डबकं राहिलं तर बिल देण्याआधीच सांगा.

पेव्हर ब्लॉक कसे?

गाडीच्या वाटेला उत्तम, आणि काळ्या मातीला तर जास्तच: जमीन हलली की ब्लॉक थोडे हलतात, फुटत नाहीत, उचलून पुन्हा बसवता येतात. गाडीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे घ्या, कडेला काँक्रीटची पक्की कड बांधा. मात्र सगळं अंगण ब्लॉकनं झाकू नका. चार बाय चारचे दोन तुकडे तरी उघड्या मातीचे राहू द्या.

एलिव्हेशनला एसीपी, दगडी क्लॅडिंग की टेक्स्चर?

मनापासून सांगते, एलिव्हेशनवरचा, म्हणजे दर्शनी बाजूवरचा, निम्मा खर्च टाळता येतो. एसीपीच्या, म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलच्या, काळ्या-चॉकलेटी पाट्या दुकानाला शोभतात. घराच्या पश्चिम भिंतीवर त्या तापतात, मागच्या पोकळीत पारवे आणि चिमण्या घर करतात, आणि पाच-सात उन्हाळ्यांत रंग उडालेला दिसतो. दगडाच्या पातळ चकत्या नुसत्या केमिकलनं चिकटवलेल्या, दहा-बारा फुटांवर, खाली मुलं खेळतायत, हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. उंचावर दगड लावायचा तर पिनांनी किंवा क्लॅम्पनी अडकवलेला हवा.

त्याऐवजी जोतं काळ्या दगडाचं करा. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला जो काळा दगड आहे तोच हा बेसाल्ट, पायाखालीच मिळतो. घडीव दगड, मधल्या खोल दर्जा (सांधे) भरलेल्या, अडीच-तीन फूट उंच. पावसाचे शिंतोडे, मुलांचे चेंडू, गाईची शिंगं, सगळं तो सोसतो आणि वरची साधी गिलाव्याची भिंतही त्याच्यावर खुलून दिसते. वर फिका रंग पुरतो.

बाहेरून रंग कोणता?

फिका. दुधी, भाकरीसारखा पांढरा, फिकट राखाडी, हलका बदामी. गडद रंग हवाच असेल तर तो पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीला, किंवा पोर्चच्या आतल्या सावलीतल्या भिंतीला द्या. धुळीची भीती वाटते त्यांनी खालचे दोन फूट गडद ठेवावेत.

आमच्याकडं समोर फक्त सहा फूट जागा आहे. त्यात काय होणार?

पुष्कळ. शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत चार फुटांच्या ओट्यावर अख्खा दिवस कसा मावतो ते जाऊन बघा. सकाळी मुग्गू (तेलुगू घरांतली रांगोळी) किंवा रांगोळी, दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, संध्याकाळी गृहपाठ करणारी मुलं, रात्री पुरुषमंडळी. मी एका विडी कामगार काकूंच्या घराचा ओटा दुरुस्त केला तेव्हा त्यांनीच मला शिकवलं. त्या म्हणाल्या, "उजेड डाव्या हाताकडनं पायजे, अन् समोरनं वारा नको. तंबाखू उडते, डोळ्यात जाते." मग आम्ही पश्चिमेच्या अंगाला बसल्यावर खांद्यापर्यंत येणारी अडीच फुटांची भिंत घेतली, वरचा भाग जाळीचा केला, पाठ टेकायला भिंतीला घोटलेला सिमेंटचा पट्टा दिला. खर्च फारसा झाला नाही. आता दुपारी शेजारच्या तिघीजणी तिथंच येऊन बसतात.

सहा फुटांत कट्टा बांधायचा तर उंची १६ ते १८ इंच, खोली १८ इंच. दुपारी कुणी आडवं होणार असेल तर खोली अडीच फूट. कट्टा आतून पोकळ ठेवून चपला, झाडू, सिलिंडर त्यात जाऊ द्या. आडव्या उघडणाऱ्या गेटाऐवजी सरकतं गेट घेतलं की तेवढी जागा वाचते. कुंड्या जमिनीवर न मांडता भिंतीवर चढवा.

कोणती झाडं लावू?

जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब, घरापासून वीस फूट लांब. फाल्गुन-चैत्रात पानगळ होते, झाडून झाडून कंटाळा येतो, पण ऐन वैशाखात तो हिरवागार असतो. करंजही चांगला. लहान जागेत पारिजातक, देवचाफा, कढीपत्ता, शेवगा. शेवग्याच्या फांद्या कमकुवत, तेव्हा गाडीवर नको. जाळीवर चढवायला मधुमालती किंवा बोगनवेल. एकदा रुजली की पाणी फार मागत नाही, आणि पाण्याचे दिवस मोजून काढणाऱ्या गावात हे महत्त्वाचं. कुंपणालगत ओळीनं उभा खोटा अशोक दिसायला नेटका, सावली मात्र हातभर देत नाही. वड-पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीत दिसलं तर बोटाएवढं असतानाच काढून दुसरीकडं मोकळ्या जागी लावा.

हिरवळीचा हट्ट सोडा, असं मी प्रत्येकाला सांगते. लॉन मे महिन्यात रोज पाणी मागतं. तेवढ्या पाण्यात मोगऱ्याच्या दहा कुंड्या फुलतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथंच वाढतात.

गच्चीवर बसायची जागा करायची आहे. कशी करावी?

आपल्याकडं गच्ची हाच खरा पॅटिओ. पूर्वी संध्याकाळी पाच-सहा बादल्या ओतून गच्ची थंड करायची, दोन तासांनी बाजा टाकायच्या, पहाटे गारवा सुटला की पायथ्याची सोलापुरी चादर ओढून घ्यायची. आता पाणी ओतवत नाही, तेव्हा गच्ची मुळात तापू नये हे बघावं लागतं: पांढऱ्या टाइलचे तुकडे किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग.

कठड्याकडं लक्ष द्या. साडेतीन फूट उंची मुलांच्या सुरक्षेसाठी हवीच, पण भरीव भिंत बाजेवर झोपलेल्या माणसाचा वारा पूर्ण अडवते. पश्चिम-नैर्ऋत्येकडच्या कठड्यात जाळीच्या विटा घाला, भोकं मुलाला पाय ठेवून चढता येणार नाही एवढी लहान. कुरडया, सांडगे, पापड वाळवायला एक कोपरा ऊन राखून ठेवा आणि तिथं नळ द्या. मातीच्या वाफ्यांचं वजन स्लॅबला पेलवेल का ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय फूटभर माती टाकू नका. ओली माती फार जड.

पायऱ्या आणि उतार किती ठेवावा?

रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, म्हणून जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट तरी वर घेतात. दोन फुटांना सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या, पाय ठेवायला अकरा-बारा इंच. एका बाजूला हाताला धरायला दांडी लावा. गुडघे दुखायला लागल्यावर नाही, आताच. व्हीलचेअरला एकास बारा उतार लागतो, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट. एवढी जागा क्वचितच असते, पण बाजूच्या मोकळ्या पट्टीतून वळवून नेता येतो, नकाशात आधी आखला तर. दुचाकीचा उतार गटारीवर बांधू नका. गटार साफ करता येत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी तुमच्याच पोर्चमध्ये येतं.

पोर्च वाढवायला परवानगी लागते का?

हो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, आणि प्लॉटभोवती सोडायची मोकळी जागा तुमच्या मंजूर नकाशात दाखवलेली असते. त्या जागेवर स्लॅब किंवा कायमचं शेड घालण्याआधी लायसन्सधारक इंजिनिअरकडून नकाशा तपासून घ्या. घर विकताना आणि कर्ज काढताना मंजूर नसलेला पोर्च आडवा येतो. गेट आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे.

दिवे कसे लावू?

पिवळसर उजेडाचे, छताला कमी आणि कट्ट्याजवळ, पायरीजवळ जास्त. पांढऱ्याफटक दिव्यावर पावसाळ्यात पाखरं तुटून पडतात. बाहेरच्या फिटिंगला आयपी-६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचं माप) बघून घ्या. दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी आणि गणपतीच्या माळांसाठी पोर्चच्या छतात हूक आणि जवळ एक प्लग आत्ताच करून ठेवा, नाहीतर दरवर्षी खिडकीतून वायर ओढाल.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

खोदाई आणि मुरमाचा भराव फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या वेळी काळी माती कोरडी असते आणि किती भेगाळते ते दिसतं. खांब, स्लॅब एप्रिलच्या आधी आटोपा. मेमध्ये काँक्रीट ओतलं तर दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं. ओतलंच तर ओली बारदानं अंथरून ठेवा आणि निदान दहा दिवस ती सुकू देऊ नका. फरशीची घाई मात्र करू नका. भरावावरून एक पावसाळा जाऊ द्या. आपल्याकडं मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात पडतो, तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबून भराव कुठं बसला ते बघा, खळगे मुरमानं भरून पुन्हा धुमसा आणि मग कार्तिकात शहाबादी टाका.